सरदारपूरचा पेला

सरदारपूरला जाण्याचं माझ्यापाशी तसं काहीच कारण नव्हतं. भाचा बँकेत आहे, त्याची बदली धार जिल्ह्यात झाली, आणि "मामा, थंडीत या, मालवा बघून जा" असं तो तीन वर्षं सांगत होता. आमच्यासारख्या गोव्याच्या माणसाला मालवा म्हणजे कुमार गंधर्व. बेळगावकडचा हा गवई १९४८ साली क्षयाच्या दुखण्यात हवापालटासाठी देवासला गेला आणि तिथलाच झाला. शिवाय त्यांना आमच्या अंजनीबाई मालपेकरांची तालीम मिळालेली, म्हणजे थोडा आमचाही हक्क! तर देवास बघायचं, धारची भोजशाळा बघायची, मांडू बघायचं असा बेत होता. सरदारपूर हे केवळ भाच्याच्या बिऱ्हाडाचं गाव.

इंदूरहून धार आणि धारहून पुढे अहमदाबादच्या रस्त्याने गेलं की मालव्याची काळी सपाट जमीन हळूहळू उंचसखल होत जाते. गव्हाची शेतं विरळ होतात, पळस दिसू लागतो, आणि बसमध्ये चढणाऱ्या माणसांची बोली बदलते. इथून पुढे झाबुआ, भिल्लांचा मुलूख. माही नदी याच तालुक्यात उगम पावते. सरदारपूर इंग्रजांच्या वेळी भोपावर एजन्सीचं ठाणं होतं आणि मालवा भील कोअर या पलटणीची छावणी इथे होती. भिल्लांना आवरायला भिल्लांचीच पलटण! साहेबाची ही अक्कल आपल्याला ठाऊक आहेच.

भाचा दिवसभर कामावर. मला मोहनखेडा दाखवायला त्याने आपल्या एका ओळखीच्या शिक्षकांना सांगून ठेवलं होतं. सगळे त्यांना माटसाब म्हणतात, मीही तेच म्हणतो. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, बोलताना चष्मा काढून हातात धरणारे. मोहनखेडा हे राजगढ-सरदारपूरजवळचं जैनांचं मोठं तीर्थ. आचार्य राजेंद्रसूरींची समाधी तिथे आहे. हे राजेंद्रसूरी १९०६ साली राजगढला वारले. 'अभिधान राजेंद्र कोश' हा प्राकृत-संस्कृतचा सात खंडांचा अवाढव्य कोश त्यांनी केला आणि तो छापून झाला तो त्यांच्यामागे. कोश म्हटलं की मी विरघळतो, त्यामुळे तिथे माझा तासभर गेला. माटसाब मात्र मूर्तीपुढे उभे राहिले नाहीत. बाहेरच्या कठड्यावर बसून राहिले. येताना मी विचारलं तर म्हणाले, "आम्ही स्थानकवासी. मूर्ती मानत नाही." मी म्हटलं, "म्हणजे तुम्हीही जैन?" ते चष्मा काढून म्हणाले, "धर्मपाल जैन."

मला हा शब्द नवा होता. वाचणाऱ्यांपैकी अनेकांना तो नवा असेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मालव्यात बलाई नावाचा समाज आहे. विणकाम आणि गावची चौकीदारी हे त्यांचे जुने धंदे, आणि जुन्या हिशेबात अस्पृश्य. कबीराचं निर्गुणी भजन तंबुऱ्यावर रात्ररात्र गाणाऱ्यांत हा समाज मोठा. १९६३ साली स्थानकवासी साधुमार्गी संघाचे आचार्य झालेले नानालालजी महाराज (त्यांना 'नानेश' म्हणतात, मूळचे मेवाडचे) मालव्यात विहार करत होते. १९६४च्या सुमारास नागदा-खाचरोद भागातल्या खेड्यांतून बलाई मंडळी त्यांच्याकडे आली. त्यांनी या लोकांना दारू, मांस, जुगार वगैरे सप्त व्यसनं सोडण्याची प्रतिज्ञा दिली आणि नाव दिलं 'धर्मपाल'. गावंच्या गावं प्रतिज्ञा घेत गेली. मग संघाच्या शेठ मंडळींनी या खेड्यांतून पदयात्रा काढल्या, शाळा चालवल्या, रतलामला मुलांसाठी वसतिगृह केलं. माटसाब त्याच भागातल्या एका धर्मपाल घरातले. नोकरीने त्यांना इकडे, भिल्लांच्या मुलांना गणित शिकवायला आणलं.

ज्या जैन समाजात ओसवाल-पोरवाल व्यापाऱ्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आपापल्यात सोयरिक करत आली, त्या समाजाने अस्पृश्यांना नवकार मंत्र दिला, 'जैन' म्हटलं, आणि हे मला साठ वर्षं ठाऊकही नव्हतं! जैन धर्माला जात ठाऊक नाही, हे पुस्तकात असतंच. पण पुस्तकातलं गावात आणायला कुणीतरी पायी चालत जावं लागतं. नानेश गेले, हे खरं.

संध्याकाळी माटसाबांनी घरी जेवायला बोलावलं. 'सूर्यास्ताच्या आत' असं दोनदा बजावलं. मी पाच वाजताच पोचलो. दोन खोल्यांचं घर, शेणाने सारवलेलं अंगण, भिंतीवर आचार्यांची तसबीर, आणि कोपऱ्यात कापडात गुंडाळलेला तंबुरा. माटसाबांची आई सत्तरीच्या पुढची. १९६४ साली ती बारा वर्षांची होती, आणि वडिलांच्या मांडीशी बसून तिने प्रतिज्ञा घेतली होती, असं ती मालवीत सांगत होती. मला निम्मं कळत होतं, निम्मं माटसाब हिंदीत सांगत होते. मग तिने विचारलं, गोव्यात लोक काय खातात?

मी मोकळेपणाने सांगितलं. भात, हुमण, तळलेले बांगडे. सांगताना जरा रंगलोसुद्धा. गोवेकर मासळीवर बोलू लागला की थांबत नाही.

म्हातारी काही बोलली नाही. उठली आणि आत गेली. थोड्या वेळाने पाणी आलं. माटसाबांना पितळेच्या लोट्यातून, मला एका वेगळ्या स्टीलच्या पेल्यात. पुढे ताटं आली. दाल-पानिये होते. मक्याच्या पिठाचे, रुईच्या पानांत गोवऱ्यांवर भाजलेले. माझं ताटही निराळं होतं, आणि मला ते अंगणातल्या खाटेवर दिलं. माटसाब माझ्याजवळ येऊन बसले खरे, पण त्यांचा चेहरा पडलेला. हळूच म्हणाले, "भाईसाब, माँ का नियम है. बुरा मत मानना."

मी हसून म्हटलं, "छे, छे!"

पण मला राग आला होता. इथे खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो. आणि तो राग कसला होता हे मला जेवतानाच कळलं. एखाद्या कर्मठ गुजराती शेठाच्या घरी मला असा पेला मिळाला असता तर मी त्याची गंमत केली असती, मित्रांना रंगवून सांगितली असती. इथे मनात जे वाक्य उठलं ते असं होतं: यांनी मला वेगळा पेला द्यायचा? 'यांनी'! आयुष्यभर जातीविरुद्ध लेख लिहिले, व्याख्यानं दिली, आणि माझ्या आत एवढं सगळं शाबूत होतं. पानिये घशाखाली उतरेनात. फार चवदार होते, हेही सांगतो.

त्या खाटेवर मला आमच्या घरची करटी आठवली.

आमचं घर तिसवाडीतलं. मागे नारळाचं भाट. तिथे कामाला एक बाई यायची. तिचं नाव मी लिहीत नाही, तिची मुलंबाळं गावातच आहेत. ती गावडी. दुपारी ती गोठ्याच्या पायरीवर बसायची आणि आजी तिला वरून पेज वाढायची, ती नारळाच्या करटीत. चहाही करटीतच. आजी वाईट नव्हती. तिच्या बाळंतपणाला तूप पाठवायची, पोरांना कपडे द्यायची. पण करटी ती करटी. मला वाटायचं की ती गावडी ख्रिस्ती असणार, म्हणून असं. एकदा चतुर्थीला तिच्या घरी माटोळी बांधलेली पाहिली, आणि दहा-अकरा वर्षांच्या मला काही कळेना. आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "ती आपल्यातलीच. नवहिंदू."

१९२८ साली मसूरचे विनायक महाराज मसूरकर गोव्यात आले, ही गोष्ट आमच्याकडे जुन्या लोकांना पाठ होती. पोर्तुगिजांच्या पहिल्या आमदानीत जे गावडे बाटले होते, पण ज्यांनी आपले धालो, आपले देवचार, आपली फुगडी सोडली नव्हती, त्यांना महाराजांनी शुद्ध करून परत हिंदू करून घेतलं. सात हजारांवर माणसं. पाद्री खवळले, सरकारने अडवण्याचा प्रयत्न केला, तरी झालं. आजोबा तेव्हा विशीत. त्या सोहळ्याला त्यांनी तांदूळ आणि नारळ दिले होते, आणि ते मरेपर्यंत हे अभिमानाने सांगत. त्यांच्या दृष्टीने ती आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट होती. चारशे वर्षांपूर्वी गेलेले भाऊ परत आले!

भाऊ परत आले आणि गोठ्याच्या पायरीवर बसले. ख्रिस्ती गावड्यांनी त्यांना टाकलं, कारण ते हिंदू झाले. हिंदू गावड्यांनी त्यांच्याशी सोयरिक केली नाही, कारण ते ख्रिस्ती होते. मग उरलं काय? 'नवहिंदू गावडा' ही तिसरीच जात. २००३ साली गोव्यातल्या गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातींच्या यादीत जागा मिळाली. कागदावर गावडा एक झाला तो देवळामुळे नव्हे, सरकारी राजपत्रामुळे. आणि 'नव' हे विशेषण साधं बघा. १९२८ला जन्मलेलं मूल आज जिवंत असेल तर नव्वदीच्या पलीकडे गेलेलं असेल. अजून नवच.

त्याच १९२८ सालचा दुसरा एक किस्सा मालव्यातच आठवायला हवा. इंदूरचे तुकोजीराव होळकर (बावला खुनाच्या प्रकरणानंतर १९२६ला गादी सोडलेले) नॅन्सी मिलर या अमेरिकन बाईशी लग्न करणार होते. ती परधर्मी, परदेशी. त्या मार्चमध्ये नाशिकला करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिची शुद्धी केली, नाव ठेवलं शर्मिष्ठा. जात हवी म्हणून धनगर समाजातल्या कुटुंबाने तिला दत्तक घेतलं, आणि चारच दिवसांनी बडवाहला लग्न लागलं. विरोध झाला, वर्तमानपत्रांतून रान उठलं, पण ती 'नवधनगर' झाली नाही. महाराणी झाली. फेब्रुवारी-मार्चच्या त्याच दिवसांत आमच्या तिसवाडीत हजारो गावडे होमाच्या धुरात बसले होते. हिंदू धर्मात शिरायला दार आहे की नाही यावर तेव्हा पंडितांचे वाद चालत. दार होतंच. कोण कोणत्या दाराने येतो आणि आत आल्यावर कुठल्या पायरीवर बसतो, हा प्रश्न होता.

जेवण झाल्यावर अंधार पडला. आता घरात कुणी पाणीही पिणार नव्हतं. माटसाबांना मी आजीची करटी सांगितली. का सांगितली कुणास ठाऊक, कदाचित माझा राग धुऊन काढायला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुमच्या नवहिंदूंना मुली कोण देतं?"

मी म्हटलं, "आपापसांत." ते हसले.

त्यांची थोरली मुलगी परिचारिका आहे. तिच्यासाठी स्थळं बघताना काय झालं ते त्यांनी सांगितलं. सामायिकाला एका चटईवर बसतात, पर्युषणात एका पंगतीत जेवतात, पण सोयरिकीचा विषय निघाला की व्यापारी घरं गोड बोलून विषय बदलतात. एका ठिकाणी तर 'आमच्या मुलाला दुकानात मदतीला येणारी हवी' असं कारण मिळालं. बरं, प्रतिज्ञा न घेतलेल्या बलायांत द्यावी, तर तिथे लग्नात बोकड आणि दारू. मुलगी त्या घरात नियम कसे पाळणार? शेवटी नागद्याकडच्या दुसऱ्या धर्मपाल घरातच दिली. म्हणजे तिकडेही तिसरी जात. मी तसं बोलून दाखवलं. मला वाटलं आम्ही दोघे आता एका नावेत बसलो.

पण माटसाब चिडले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच. म्हणाले, "तुम्ही शिकलेले लोक सगळं लग्नावर मोजता. माझे आजोबा रोज दारू पीत. सावकाराकडे बैल गहाण, भांडी गहाण. एका साधूच्या पायाशी बसून त्यांनी एक दिवस ती सोडली, आणि पुन्हा शिवली नाही. बैल सुटले. बाबा शाळेत गेले. मी रतलामच्या वसतिगृहात राहून शिकलो. तिथे माझ्या ताटात कुणी वरून वाढलं नाही. शेठाची मुलगी माझ्या मुलाला मिळाली नाही म्हणून हे सगळं खोटं?" थोडं थांबून, चष्मा पुसत, "आणि माँचा पेला तुम्हाला लागला. मला दिसलं. तिला आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणायला मिळालं? गावच्या विहिरीवर तिने काय काय ऐकलंय. आता तिला एक नियम मिळालाय, तो ती सोडत नाही. चूक आहे. मी तिला सांगतो. पण मी सांगतो, तुम्ही नाही सांगायचं."

यावर मी काय बोलणार? मी काही बोललो नाही, ते बरंच झालं.

रात्री भाच्याकडे झोप लागेना. गोव्याच्या चर्चचा इतिहास डोक्यात फिरत होता. दिवाडीचा मातेउस द कास्त्रू. गोरे पाद्री देशी माणसाला वर चढू देईनात, तेव्हा तो थेट रोमला गेला, १६३७ साली बिशप झाला आणि मग परतला. पोर्तुगिजांनी त्याला बिशप म्हणून मानलंच नाही. तेव्हा तो डिचोलीला, आदिलशाही मुलखात बसून त्यांच्याशी भांडत राहिला. वर्णभेदाविरुद्ध चर्चच्या आत उभा राहिलेला आमचा हा पहिला मोठा माणूस. आणि त्याने आपलं गाऱ्हाणं मांडलं ते ब्राह्मणांच्या वतीने! पुढे देशी पाद्र्यांनी ओरेटोरियन मठ काढला. त्याच मठातून श्रीलंकेला गेलेल्या जुझे वाझ यांना २०१५ साली पोपने कोलंबोत संत घोषित केलं. युरोपियन संघांत देशी माणसाला जागा नाही म्हणून निघालेल्या त्या मठात प्रवेश फक्त ब्राह्मण ख्रिस्त्यांना होता. चारड्यांनी मग चिंबलला कार्मेलितांकडे आपली वेगळी सोय केली. गावड्याचं, कुणब्याचं नाव या भांडणात कुणीच काढलं नाही. मला हे सगळं पूर्वी 'इतिहासातली विसंगती' वाटायचं आणि मी ते व्याख्यानात मिस्कीलपणे सांगायचो. त्या रात्री मिस्कील वाटलं नाही. स्टीलचा तो पेला जिभेवर होता.

सकाळी निघण्याआधी मी माटसाबांकडे पुन्हा गेलो. म्हातारी अंगणात डाळ निवडत होती. मी तिच्या पाया पडलो. तिने हात डोक्यावर ठेवला नाही, थोडा वर धरला, पण तोंडाने भरभरून काहीतरी म्हणाली. मग माटसाबांना तंबुऱ्याचं विचारलं. तो त्यांच्या वडिलांचा. प्रतिज्ञेनंतर काही लोकांनी सांगितलं होतं की आता हे जुनं भजन कशाला, नवकार पुरे. वडिलांनी दारू सोडली, मांस सोडलं, बिडी सोडली, तंबुरा सोडला नाही. सकाळी नवकार आणि रात्री कबीर. माटसाबांनी कापड सोडून तारा छेडल्या. जुळलेल्या नव्हत्या. "गाता का?" म्हटलं, तर आईकडे बघून म्हणाले, "ती गाते." म्हातारीने मान हलवली आणि डाळ निवडत राहिली.

देवास करून घरी आलो. भोजशाळा, मांडू राहिलंच. माटसाबांचा संपर्क आहे. भाद्रपदात संवत्सरीला त्यांचा 'मिच्छामि दुक्कडम्' असा संदेश येतो. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा, असा त्याचा अर्थ. पहिल्या वर्षी तो वाचून मी उत्तरात काय लिहावं याचा इतका विचार केला की उत्तर दुसऱ्या दिवशी गेलं. मग तेच दोन शब्द लिहिले.

त्यानंतर एकदा आमच्या मागच्या दाराच्या वायरिंगचं काम निघालं. आला तो त्या बाईचाच मुलगा. आता पन्नाशी ओलांडलेला, स्वतःचा धंदा, हाताखाली दोन पोरगे. गोठा आम्ही कधीच पाडलाय, पायरी तेवढी राहिली आहे. चहा मी स्वतः बाहेर घेऊन गेलो, घरातल्या रोजच्या कपांत, आणि पायरीवर त्याच्याशेजारी बसलो. बसायचं ठरवून बसलो होतो, त्यामुळे अवघडल्यासारखं झालं. त्यालाही कळलं असावं. मी म्हटलं, "तुझ्या आवयला आमच्या घरी करटीत चहा द्यायचे. तुला आठवतं?"

"आठवतं तर. मी पण प्यायलोय." कप खाली ठेवून तो म्हणाला, "पण ती करटी तुमची नव्हती हां."

मला कळलं नाही.

"तुमची आजी एक धुऊन ठेवायची, त्या कोनाड्यात. आई ती घ्यायची नाही. भाटात जाऊन दर वेळी नवी फोडून आणायची. घरी जाताना वाटेत फेकायची. आम्हाला सांगायची, दुसऱ्याने ठेवलेल्यात प्यायचं नाही."

त्याने चहा संपवला, आणि आतल्या पोराला मेन स्विच बंद करायला हाक मारली.